सही माझी, वाचन लेकीचं

कुवेतमध्ये बावीस वर्षं काढूनही मला अरबी येते ती ‘शुक्रन’ आणि ‘खलास’ एवढीच. वाचायच्या बाबतीत तर आनंदच. लेक शाळेत अरबी शिकली, तेव्हापासून घरातला प्रत्येक सरकारी, बिनसरकारी कागद तिनेच वाचला. तिने बोट ठेवायचं, तिथे मी सही करायची. बायको म्हणायची, “या घरात मोठं माणूस एकच आहे, आणि ते चौथीत आहे!”

गेल्या वर्षी बायको गेली. लेक तेव्हा सोळाची. सांगलीहून बहिणीचा फोन आला. “दादा, पोरीला आता तरी पोर राहू दे. तुझे कागद तू बघ.”

मला ते फार पटलं. अंगात नको तितका बाप संचारला.

महिन्याभराने हारिस, म्हणजे महबूल्यातल्या आमच्या इमारतीचा रखवालदार, कागद घेऊन दारात आला. लेक शाळेत होती. भाडेकरार दरवर्षी याच सुमाराला नवा होतो. मी ऐटीत सही ठोकली. वर त्याला चहा पाजला.

संध्याकाळी तिने कागद हातात घेतला.

“बाबा, यू साइन्ड धिस?”

“हो, मग! मलाही जमतं.”

“करार संपवून महिन्याभरात घर सोडतो, असं लिहिलंय.” कागद खाली ठेवत म्हणाली, “आईचं घर आहे हे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही रुमैथियाला घरमालकांकडे गेलो. म्हातारे गृहस्थ. त्यांनी कहवा दिला, खजूर पुढे केले. लेक अरबीत बोलत होती. मी भलत्याच लग्नात जेवायला बसलेल्या पाहुण्यासारखा खजूर चघळत बसलो होतो.

“काय म्हणतात?”

“त्यांनी घर दुसऱ्या कुटुंबाला दिलंय. त्यांच्याही सह्या झाल्या.”

“तू सांग ना, आमच्याकडे कागद तूच वाचतेस म्हणून.”

“सांगितलं.” ती खाली बघत राहिली. “ते म्हणतात, बेटा, तू लहान आहेस. तुझ्या शब्दाने करार होत नाही आणि मोडतही नाही. सही मोठ्या माणसाची आहे.”

स्वतःच्या विरुद्धचं भाषांतरही तिने चोख केलं.

परत येताना गाडी सिग्नलला थांबली. तेव्हा ती म्हणाली, “मी सही केली असती ना बाबा, तर ती चाललीच नसती. घर राहिलं असतं.”

सिग्नल हिरवा झाला होता. मागचा हॉर्न वाजवत राहिला, तेव्हा मला गिअर सापडला.

शेवटच्या दिवशी सगळं सामान खाली गेलं. घर स्वच्छ करून द्यायचं होतं. ओट्यामागच्या फरशांवर बायकोच्या फोडण्यांचे पिवळे शिंतोडे होते. मी ओलं फडकं घेतलं.

“राहू दे ना, बाबा.”

करारात ‘घर स्वच्छ करून द्यावं’ असं लिहिलेलं होतं. तेही तिनेच मला वाचून दाखवलं होतं. मी हळूहळू पुसत गेलो. ती दारात माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि पुसून झालं का, हे तिने शेवटपर्यंत विचारलं नाही.