हिरवी पट्टी

"आधी पडून दाखव."

नव्या मुलाच्या पायात बूट चढवून झाले की चाचांचं पहिलं वाक्य हे. मूल आईकडे बघायचं, आई आमच्यासारख्या जुन्या पालकांकडे बघायची. पोराला बर्फावर घसरायला शिकवा म्हणून आलो, आणि हा माणूस म्हणतोय पड. मग चाचा स्वतःच बर्फावर उभे राहायचे, गुडघे वाकवायचे आणि गादीवर अंग टाकावं तसे एका कुशीवर आडवे व्हायचे. "असं. बाजूला. तोंडावर नाय, मागं नाय. आनि हात आत घ्यायचे." पाच मिनिटांत सगळी मुलं बर्फात लोळायला लागायची. रडणं तिथेच संपायचं.

कुवेतमधल्या उन्हाळ्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल. गाडीच्या स्टिअरिंगला हात लावण्याआधी त्यावर ओला रुमाल टाकावा लागतो. अशा उन्हातून मॉलमध्ये शिरायचं, जाड जॅकेट चढवायचं आणि एका काचेच्या दारातून थेट बर्फात जायचं. त्या बर्फाच्या हॉलमध्ये दोन उतार होते. एक लहान, अंगणाएवढा. दुसरा मोठा, दोन-तीन मजले उंच. वर न्यायला सरकता गालिचा. माझी मुलगी सई पाच वर्षांची असताना आम्ही दर शुक्रवारी महबूलाच्या घरून तिथे जायचो.

चाचा रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरचे. वय पंचावन्नच्या आसपास. कागदोपत्री त्यांचं काम बूट देण्याचं आणि परत घेण्याचं. शिकवायला एक युरोपियन ट्रेनर होता, पण तो मोठ्या मुलांचा. पाच-सहा वर्षांची रडकी, घाबरट, हातमोजे चघळणारी सगळी सेना आपोआप चाचांकडे यायची. कंपनीने दिलेल्या निळ्या टोपीखाली ते गावाकडची माकडटोपी घालायचे. सुपरवायझर हटकायचा. हे म्हणायचे, "टोपी तुमची वर हाय ना? मग झालं."

बर्फ त्यांनी कुवेतला येईपर्यंत पाहिला नव्हता. मी एकदा विचारलं, शिकलात कुठे? म्हणाले, "हितंच. सकाळी हॉल उघडायच्या आधी. ट्रेनर कसा उभा राहतो ते बगायचो आनि तसा उभा राहायचो. बापाच्या होडीत उभा राहिलेला मानूस मी, साहेब. पाय हाललं तरी डोकं हालवायचं नाय, येवढंच."

बूट द्यायची त्यांची एक पद्धत होती. थंडगार बूट कधी मुलाच्या पायात घालायचे नाहीत. हात वाळवायच्या मशीनखाली दोन्ही बूट उलटे धरून आधी गरम करायचे. मग मुलासमोर जमिनीवर बसून पाय मांडीवर घ्यायचे आणि बुटाला विचारल्यासारखं विचारायचे, "आत पाच जनं हायत का? सगळी हालतायत?" मुलं मन लावून आतली बोटं हलवायची. सईने एकदा गंभीरपणे सांगितलं, "फोर आर मूव्हिंग." त्यांनी बूट काढला, मोजा नीट केला, पाचवं बोट सापडेपर्यंत बसले. रांगेतले आईबाप घड्याळं बघत होते.

थांबायला शिकवताना तो ट्रेनर पायांचा पिझ्झाचा तुकडा करा म्हणायचा. चाचांचं वेगळं होतं. "नाकाला नाक लाव. टाचा लांब." बुटांखाली लावलेल्या स्कीच्या दोन्ही फळ्यांची टोकं म्हणजे नाकं. अरब मुलांना ते "खशम, खशम" म्हणत स्वतःच्या नाकावर बोट ठेवायचे. मूल लहान उतारावरून यायला लागलं की हे त्याच्या पुढे, त्याच्याकडे तोंड करून, उलटे चालत उतरायचे. कमरेत वाकून, हात पसरून. "पायात नको बगू. माज्या डोळ्यात बग." दिवसभरात किती वेळा ते उलटे उतरत असतील कोण जाणे. संध्याकाळी बुटांच्या रॅकला पाठ घासत उभे असायचे.

आता पट्ट्यांबद्दल. ही त्यांचीच कल्पना. लहान उतारावरच्या मुलाच्या दंडावर पिवळी पट्टी. चाचांची खात्री पटली की ते हिरवी बांधायचे, आणि हिरवी असेल तरच सरकत्या गालिच्यावर मोठ्या उताराला जाता यायचं. खात्री म्हणजे सांगितल्याबरोबर थांबणं आणि दोन्हीकडे वळणं. सईला थांबणं जेमतेम जमत होतं. वळणं नाही.

"अजून दोन-तीन शुक्रवार, साहेब," ते म्हणाले. "डावीकडं वळते. उजवीकडं नाय वळत. उजवीकडची जगा तिला दिसतच नाय."

पुढे जे झालं ते मी बराच काळ कुणाला नीट सांगितलं नव्हतं. बायकोला अर्धं सांगितलं होतं. तुम्हाला पूर्ण सांगतो.

मी मीना अल-अहमदीच्या रिफायनरीच्या बाजूला एका कंत्राटदार कंपनीत आहे. काम सेफ्टीचं. कुठे अपघात झाला की तो कसा झाला, कुणी कोणता नियम मोडला, याचा कागद मी तयार करतो. लोकांना हेल्मेट घाला, पट्टा लावा, चूक झाली तर लपवू नका, असं दर सोमवारी उभं राहून सांगतो.

त्या शुक्रवारी माझे वरिष्ठ त्यांच्या कुटुंबासह तिथे भेटले. त्यांचा मुलगा सईपेक्षा वर्षभराने मोठा. हिवाळ्यात ते त्याला जॉर्जियाला बर्फात घसरायला घेऊन गेले होते. तो मोठ्या उतारावरून सरसर येत होता. वरिष्ठांनी सईकडे पाहिलं, तिच्या दंडावरची पिवळी पट्टी पाहिली आणि हसून म्हणाले, "अजून बालवाडीतच का?"

एवढंच. त्यांच्या मनात काही वाईटही नसेल. पण माझे कान तापले. चाचा दुसऱ्या एका मुलाला घेऊन लहान उताराच्या टोकाला होते. त्यांच्या टेबलावर टोपलीत पट्ट्या पडलेल्या होत्या. मी एक हिरवी उचलली, सईची पिवळी काढली आणि ती बांधली.

सई म्हणाली, "चाचांनी सांगितलं?"

मी म्हणालो, "मी सांगतोय ना."

गालिच्यावरच्या माणसाने हिरवा रंग पाहिला आणि तिला वर जाऊ दिलं. खाली उभा राहून मी फोन काढला. वरिष्ठांनाही म्हणालो, बघा हं.

ती सरळ आली. नाकाला नाक लागलं नाही, काही नाही. मधेच तिच्या तोंडून आवाज फुटला. उताराच्या पायथ्याशी, भिंतीजवळ, एक तीन वर्षांची मुलगी बर्फाचं घर करत बसली होती. सई थेट तिच्या दिशेने येत होती. मी फोन धरून तसाच उभा होतो.

चाचा पळाले. साध्या बुटांनी, बर्फावर, आडवे. "बस! खाली बस, बाय!" असं ओरडत ते त्या दोघींच्या मधे आले. सई त्यांच्या पोटावर आदळली. दोघं भिंतीकडे फेकले गेले आणि तिचं डोकं भिंतीला लागू नये म्हणून त्यांनी हात पुढे टाकला. हात आत घ्या असं शेकडो मुलांना सांगणारा माणूस. मनगटाचा आवाज मला ऐकू आला.

सईला खरचटलंही नाही. त्या लहान मुलीला कुणाची तरी फळी लागून ओठ फुटला होता, रक्त दिसत होतं, आणि तिचे वडील संतापले होते. त्यांची चूक नव्हती. मीही तसाच संतापलो असतो. सुपरवायझर धावत आला. चाचा भिंतीला टेकून बसले होते, मोडलेला हात दुसऱ्या हाताने छातीशी धरून. सुपरवायझरने कागद काढला आणि इंग्रजीत विचारलं, या मुलीला हिरवी पट्टी कुणी दिली?

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. ती पट्टी ते नेहमी दुहेरी गाठ मारून बांधायचे आणि सईच्या दंडावर माझी ढिली गाठ होती.

वरिष्ठ माझ्या बाजूला उभे होते. मी म्हणालो, "ती यांच्याच क्लासमध्ये आहे."

वाक्य खरं होतं. माझ्या धंद्यात अशी वाक्यं कशी करतात ते मला ठाऊक आहे. दुसऱ्यांच्या कागदात ती मी शोधून काढतो, खाली लाल रेघ मारतो.

चाचा हळूच मराठीत म्हणाले, "साहेब, पोरगी बगतेय."

मी सईकडे पाहिलं नाही. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग मान खाली घातली आणि सुपरवायझरने पुन्हा विचारलं तेव्हा काहीच बोलले नाहीत. त्या वेळी मला वाटलं, त्यांना नीट इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसले. असं वाटून घेणं सोयीचं होतं. मला खोटं पाडायचं तर सईच्या देखत पाडावं लागलं असतं. ते त्यांना करायचं नव्हतं. कागदावर साक्षीदार म्हणून मी सही केली आणि सवयीने खाली तारीख टाकली.

गाडीत सई मागे बसली होती. घराकडे जाताना फहाहीलच्या रस्त्याला लागलो. तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, ग्रीन तर तू लावलीस ना?"

"हो. पण काळजी करू नको. चाचांना काही होणार नाही."

पुढचा शुक्रवार मी काहीतरी काम काढून टाळला. त्याच्या पुढचाही. तिसऱ्या शुक्रवारी एकटाच गेलो. खरं सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो होतो. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो. बुटांच्या रॅकपाशी एक नवा माणूस होता. तो बूट नुसते काउंटरवर ठेवत होता. तिकिटाच्या खिडकीतली फिलिपिनो मुलगी मला ओळखायची. तिने सांगितलं, त्यांना काढलं. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द झाला. प्लास्टर घातलेल्या हाताने गेले. बॅग उचलता येईना म्हणून ट्रेनर विमानतळापर्यंत सोबत गेला होता.

तिच्याकडून गावचा नंबर घेतला. तो लावायला मला आणखी आठ दिवस लागले.

"बोला, साहेब," ते म्हणाले. आवाज तसाच. मी बराच वेळ बोललो. माझ्या हातून चूक झाली, मी घाबरलो, वरिष्ठ समोर होते, मला माफ करा. त्यांनी मधे तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "माफीचं र्‍हाऊ द्या. पोरीला काय सांगितलंत?"

मी म्हणालो, अजून काही नाही.

"मग आधी तिला सांगा. तिला वाटत असंल, मीच तिला उगाच वर पाठवली. ती मला घाबरंल."

त्या संध्याकाळी मी सईला बाल्कनीत घेऊन बसलो आणि सांगितलं. पट्टी मी बांधली, चाचांनी नको म्हटलं होतं, आणि विचारल्यावर मी खरं बोललो नाही. ती पाच वर्षांची मुलगी. मला वाटलं होतं, मला सोपे शब्द शोधावे लागतील. ती म्हणाली, "आय नो, पप्पा. आय वॉज देअर."

त्यानंतर मी हॉलच्या मॅनेजरकडे गेलो. सगळं लिहून दिलं, खाली माझ्या कंपनीचं नाव आणि माझं पद घातलं. तो म्हणाला, प्रकरण बंद झालं आहे. मी पुन्हा गेलो, पुन्हा गेलो. शेवटी एका पानाचं पत्र मिळालं. अपघातात या कर्मचाऱ्याचा दोष नव्हता, त्याने दोन मुलांना वाचवलं. त्यांना परत बोलावता येणार नव्हतं. ती जागा भरली होती. पत्राचा फोटो मी चाचांना पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. मी दोन-तीन दिवस फोन उलटसुलट करून बघत राहिलो, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी शाबासकीची वाट बघतोय.

वरिष्ठांनाही सांगितलं. ते म्हणाले, "अरे, होतं असं. कशाला एवढं मनाला लावून घेतोस?" तेव्हापासून मला त्यांच्याशी बोलताना जड जातं. त्यात त्यांचा काही दोष नाही.

सई आता आठ वर्षांची आहे. बर्फावर ती पुन्हा गेली नाही. तिला पोहायला आवडतं. परवा गाडीतून खैरानच्या समुद्रावरून परत येताना, केस ओले, मांडीवर टॉवेल, तिने अचानक विचारलं, "चाचांच्या गावात बर्फ नाही ना?"

"नाही."

"मग तिथे ते काय करतात?"

फोनवर त्या दिवशी मी किती वेळ बोललो होतो. माझं घाबरणं, माझी चूक, माझी झोप उडालेली. ते काय करतात, घरी कोण आहे, हात जुळला का, यातलं एकही मी विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

सईने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर बघायला लागली.