कोल्ह्याचं बारसं

लखनौत मराठी माणसाला बारशासाठी फक्त निमित्त लागतं. बाळ नसलं तरी चालतं, हे आम्ही दाखवून दिलं.

आम्ही तेलीबागेत राहतो. एका शनिवारी आमची लेक कॉलनीमागच्या आमराईतून एक पिल्लू घेऊन आली. तिथल्या पुलियाखाली, म्हणजे छोट्या पुलाखाली, एकटंच होतं म्हणे. मातकट रंग, लोकरीसारखे केस, निमुळतं तोंड. नवरा संशोधन संस्थेत आंब्यांच्या जातींची कुळं शोधतो. त्यानं चष्मा वर करून पाहिलं आणि "अस्सल देशी कुत्रा" असा निकाल दिला. मीही मान डोलावली. एकुलती एक पोर, किती वर्षं भावंड मागत होती. पिल्लाला कुशीत घेऊन तिची बडबड चालली होती, ते पाहून मला फार बरं वाटलं.

रविवारी चार मराठी घरं जमली. घुगऱ्या शिजल्या, टोपलीत दुपटं घालून पाळणा झाला. कानात नाव सांगायला आत्या हवी. आमच्या पोरांच्या आत्या सगळ्या पुण्या-नागपुरात, त्यामुळे इथल्या प्रत्येक बाळाची आत्या एकच, महानगर मोहल्ल्यातल्या काकू. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्या वाकल्या, पिल्लाचा कान धरला आणि तशाच थांबल्या.

"अगं, हा कोल्हा आहे."

पाळणा म्हणणाऱ्या बायका टोपलीपासून मागे सरकल्या. नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "आंबा असता तर बरोबर ओळखला असतास," मी म्हटलंच.

लेकीनं टोपली पोटाशी धरली. "तो क्या हुआ? कुत्ते का कुछ तो लगता होगा!"

"लागतो तर," काकू तिच्याशेजारी बसल्या. "लांडगा कुत्र्याचा सख्खा, हा चुलत. खोकड म्हणजे तुझी लोमड़ी, ती बरीच लांबची. आणि रानकुत्रा नावाला कुत्रा, पण तोसुद्धा याच्यापेक्षा लांबचा."

"फिर रहने दो ना! घर का ही है।"

"चुलत भावाला आई नसते का, बाळा? ती खाणं शोधायला गेली असेल आणि तू याला उचललंस. आपला हात लागला म्हणून ती टाकणार नाही त्याला. पण आता उशीर नको."

लेक माझ्याकडे पाहत राहिली. मी "राहू दे" म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. माझ्याही अगदी ओठांवर आलं होतं. पिल्लू तिचं बोट चोखत होतं.

"चल, मी येते तुझ्याबरोबर," मी म्हणाले.

ऊन उतरल्यावर टोपली पुलियाजवळ ठेवली आणि आम्ही लांब एका झाडाआड बसलो. डासांनी फोडून काढलं. पिल्लू कुंईकुंई करायला लागलं तशी लेक उठली. मी तिचा फ्रॉक धरून तिला खाली बसवलं.

अंधारायच्या आत कोल्हीण आली. टोपली हुंगली, पिल्लाला मानेला धरून उचललं आणि बांधावरून निघून गेली. लेक हमसून हमसून रडली. मी तिची पाठ चोळत राहिले.

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं.

"एक ही दिन में कितनी दुबली हो गई थी ना उसकी मम्मी?"

मी तिला मांडीवर ओढून घेतलं. आता ती मांडीत मावत नाही, तरीही.