सर्वानुमते मंजूर

आमच्या टाउनशिपमधल्या मराठी मंडळाचे बाबा चिटणीस होते. कारखान्यात ते ड्रॉइंग ऑफिसात, त्यामुळे अक्षर सुरेख आणि त्याचा अभिमान त्याहून मोठा. सभेत घाईने लिहिलं की ओळी तिरक्या होतात, म्हणून ते सभेचं इतिवृत्त आदल्या संध्याकाळीच घरी लिहून ठेवायचे. सभेत वेगळं काही घडायचंही नाही म्हणा.

एका शनिवारी आईने ती वही उघडली. 'वाचनालयाची दोन कपाटं काढून तिथे टेबल टेनिसचं टेबल ठेवण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर.' वाचनालय आई चालवायची, दर रविवारी, बिनपगारी. त्या दोन कपाटांवर तिचा जीव होता.

"अहो, सभा उद्या आहे ना? मग हे 'सर्व' कोण? मला कुणी विचारलं?"

"अगं, तशी लिहायची पद्धत असते."

या वाक्याचा मला अजून राग येतो. आईलाही आला, पण ती रागावली की कामाला लागायची. रविवारी सकाळीच ती कागद घेऊन निघाली आणि मी तिच्या मागे. मागणी दोन ओळींची: ठरावावर मतदान घ्या, आणि बायकांनाही मत द्या. कारण मंडळात क्वार्टरमागे एकच मत, आणि क्वार्टर ज्याच्या नावावर त्याचंच.

कारखान्याच्या गेटवर एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन युनियनचे पुढारी त्या कागदावर एकाखाली एक सह्या करून मोकळे झाले. त्यातला एक म्हणाला, "वहिनी, मी तर टेबल टेनिसवाला आहे. पण वोटिंग तर व्हायलाच पाहिजे!"

एवढ्या सह्या पाहून अध्यक्षांचा नाइलाज झाला. संध्याकाळी हात वर झाले. शेजारच्या काकांचा हात टेबलासाठी, काकूंचा कपाटांसाठी. काका काकूंकडे बघतच राहिले.

आई चार हातांनी हरली. मला रडू आवरेना. ती मात्र सरळ बाबांसमोर जाऊन उभी राहिली. बाबांनी त्या देखण्या पानावरचा 'सर्वानुमते' खोडला, वर 'बहुमताने' लिहिलं, आणि पुढे विरोधी मतांचा आकडा. त्यांचं स्वतःचं मत टेबलालाच होतं. ते आईने त्यांना जन्मभर ऐकवलं.

पुस्तकं आमच्या व्हरांड्यात आली. वाचक उलट वाढले, कारण इथे चहा मिळायचा. पुढच्या सभांना बायका न बोलावता येऊ लागल्या.

बाबा त्यानंतरही इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहायचे. फक्त ठरावाच्या ओळीत एका शब्दापुरती जागा कोरी सोडायचे. वही पिशवीत जाण्याआधी आई ती जागा बघून घ्यायची.