कार्डावर एकच आई

लग्नानंतर वर्षभरातच मी धारवाडच्या एका सरकारी कचेरीत लागले. आरोग्य योजनेच्या कार्डासाठी घरच्यांची नावं द्यायची होती. आमच्या योजनेत बाईला आपले आईवडील किंवा सासूसासरे, यांतली एकच जोडी घेता येत होती. निवडायचं कसलं! कचेरीतल्या झाडून सगळ्या सुनांनी सासूसासऱ्यांची नावं दिली होती, मीही दिली. घरी कुणी विचारलंसुद्धा नाही.

माझी निवृत्ती जवळ आली तोवर सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि माझ्या आईच्या हृदयाची झडप खराब झाली होती. आई जुन्या हुबळीत भावाकडे असते. भाऊ रोज धारवाडला येऊन सुभाष रोडवरच्या कापडदुकानात राबतो. त्याच्या नोकरीत असलं काही नाही, आणि या वयात, या दुखण्यासकट आईचा विमा उतरवायला कोणी तयार नव्हतं. निवृत्तीनंतर योजना चालू ठेवायची तर कार्ड नव्यानं करायचं होतं. नावं बदलायची तेवढी एकच संधी.

नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "तू बघ." हा माणूस नेमका अवघड प्रश्नांच्या वेळीच मला सगळे अधिकार देऊन टाकतो.

शेवटी सासूबाईंनाच विचारलं. त्यांना मी आत्याबाई म्हणते. केलगेरीतल्या आमच्या घरी सकाळ उजाडायची ती त्यांच्या दुखण्यांनी. आज गुडघा, उद्या पित्त, परवा चक्कर. मोठं आजारपण मात्र कधी आलं नव्हतं. मी चाचरत सगळं सांगितलं.

"काढ की गं माझं नाव," त्या म्हणाल्या. "तुझ्या अव्वाला गरज हाय. मला काय धाड भरलीय?"

मी त्यांच्या पाया पडले. छातीवरचा धोंडा उतरला होता.

आईचं ऑपरेशन झालं. आता ती हळूहळू जिना चढते.

आमच्या घरात मात्र शांतता झाली. आधी मला ती बरी वाटली, खोटं कशाला बोलू. मग हळूहळू ध्यानात आलं की आत्याबाई कशाचीच तक्रार करत नाहीत. ताटातली भाकरी अर्धी राहायची. विचारलं, तर म्हणायच्या, "म्हातारपणी एवढी भूक कुठली?" मी मान डोलावून कामाला लागायचे.

परवा त्या न्हाणीघराबाहेर भिंतीला धरून उभ्या दिसल्या. दुसरा हात छातीवर होता. मला बघताच त्यांनी तो खाली घेतला.

मी भडकलेच. "कधीपासून दुखतंय? सांगायला काय झालं होतं?"

"वरडू नको गं. मी आता कार्डात न्हाई नव्हं? मला आजारी पडून कसं चालंल?"

मला रडू फुटलं. राग अजून होताच, फक्त तो कुणावर काढावा ते कळेना. त्यांना खुर्चीत बसवलं, नवऱ्याला हाक मारली, रिक्षा आणवली. दवाखान्यापर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. धाप लागत होती, तरी पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या, "तुझ्या आईला कळू देऊ नको हं. तिच्या जिवाला लागंल."