नर पाठवला नाही

जानेवारीतला दुसरा मंगळवार. कँटीनचं उष्टं उकळून झालं होतं, ते डुकरांना वाढायचं होतं. दोन दिवस माझं अंग तापलेलं, खोकला थांबत नव्हता. नवरा ट्रक घेऊन गुजरातला गेलेला. तळोज्याच्या आमच्या शेडमध्ये मागे मी एकटीच. तोंडाला काही न बांधता आत शिरले आणि खोकत खोकत वाढलं.

शुक्रवारी सात डुकरं उठलीच नाहीत. एकमेकांना चिकटून पडलेली, नाकं गळत होती, खाण्याकडे बघेनात. उठवली की कुत्र्यासारखी खोकायची. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले, नाकातला नमुना घेतला आणि म्हणाले, "बाई, घरात कोणी आजारी होतं?"

"मीच."

"फ्लू माणसाकडूनही डुकरांना होतो. आजारी असाल तर शेडमध्ये जायचं नाही, जावंच लागलं तर मास्क, हातमोजे. यांना भरपूर पाणी द्या, कोरड्यात ठेवा. बहुतेक आठवड्याभरात उठतील. पण तोवर एकही जनावर आत-बाहेर नाही. धडधाकट दिसणारंही नाही. ताप चढायच्या आधीच ते दुसऱ्याला रोग लावतं."

वीस वर्षं डुकरं पाळते. त्यांच्याकडून मला काय होईल, एवढंच बघत आले होते.

शनिवारी कळंबोलीहून मोठी जाऊ टेम्पो घेऊन आली. दोन्ही घरांत मिळून नर एकच, तो माझ्याकडे. तिच्या दोन डुकरिणी माजावर आल्या की चार दिवस तिच्याकडे जातो. मी नाही म्हटलं.

"हा तर ठणठणीत हाय!"

"आज आहे, ताई. उद्याचं माहीत नाही."

"आता हुकलं तर तीन आठवडे थांबायचं आमी? त्या दोघींच्या पिल्लांवर वरीस काढते मी."

"तुमच्या शेडभर खोकला पसरला तर?"

"खोकलीस तू, उपाशी राहायचं आमी!"

टेम्पो रिकामा गेला. चहासुद्धा घेतला नाही तिने.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्क बांधून आधी नराचा ताप पाहिला. नव्हता. जावेला फोन केला नाही. ताप नाही हे कळलं असतं तर टेम्पो घेऊन ती पुन्हा आली असती. धडधाकट डुकरांना आधी वाढलं, आजारी सातांना शेवटी, आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले.