न दिसणारा जाळ आणि कौसाबाईंचं शेण

शहागडला चाललोय म्हटलं की पुण्यातले लोक विचारायचे, "तिथं बघण्यासारखं काय आहे?" खरं उत्तर होतं, काहीच दिसत नाही.

माझा वर्गमित्र रत्नाकर जालन्यात रसायनशास्त्र शिकवतो. शहागडजवळच्या साखर कारखान्यात मळी वापरून झाल्यावर जे काळं, आंबूस पाणी उरतं, त्यातून तो हायड्रोजन काढत होता. कारखान्याने त्याला कोपऱ्यातली एक टाकी दिली होती. पंधरा दिवसांनी चेअरमन बघायला येणार होते. गॅस पेटला तर टाकी राहणार, नाहीतर परत घेणार.

सकाळची एसटी धरली तर जालन्याला संध्याकाळी पोचता येतं. मुक्काम तिथेच करावा. पुढे अंबडमार्गे शहागड. अंबडपर्यंत रस्ता बरा, नंतर खड्ड्यांमुळे शेजाऱ्याशी ओळख होतेच. गोदावरीच्या पुलाजवळ ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर भाकरी, पिठलं, ठेचा. पुण्यातल्या नाश्त्याच्या पैशात पोट भरतं.

भरदुपारी रत्नाकरने बर्नर पेटवला. मला काही दिसलं नाही. "उन्हात हायड्रोजनचा जाळ दिसत नाही," असं म्हणून त्याने चिमट्यात पापड धरला. पापड हवेतच भाजला. टाकीवर देखरेखीला असलेल्या कौसाबाईंनी तो खाल्ला, पण त्यांचं समाधान झालं नाही.

"सर, जाळ कुठंय पण? आमच्या गोबरगॅसचा कसा निळाभोर दिसतो."

"मावशी, गोबरगॅस व्हायला नको म्हणून तर या पाण्याला विरजण लावायचं शेण उकळून घालतो. गोबरगॅसचे जंतू मरायला पाहिजेत, हायड्रोजनचे उकळूनही टिकतात."

"उकळल्यावर शेणात जीव काय राह्यला?" कौसाबाई म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता, हे आम्हाला पुढे कळलं.

मधले दिवस मी माझ्या सख्ख्या मावशीकडे पिंपळगाव रेणुकाईला काढले. देवीचं दर्शन झालं, राजूरच्या गणपतीलाही जाऊन आलो. राजूरला जायचं तर चतुर्थी टाळा. मी टाळली नाही.

परत आलो त्या दिवशी चेअरमन नारळ घेऊन हजर होते. रत्नाकरने काडी लावली. सावलीत निळा, ठसठशीत जाळ उभा राहिला. टाळ्या वाजल्या. रत्नाकरचा चेहरा तेवढा पडला.

"मावशी, टाकीत काय घातलंत?"

"ताजं शेण. रोज पाटीभर टाकून राह्यले. तुमचं बिचारं पेटतच नव्हतं ना."

चेअरमन खूश होते. "सर, बराबर जमलं. टाकी तुमचीच."

गप्प राहिला असता तर काम झालं होतं. रत्नाकर म्हणाला, "साहेब, हा माझा गॅस नाही. हा गोबरगॅस आहे."

"मंग तुमचा कुठंय?"

"तो दिसत नाही."

चेअरमननी नारळ खाली ठेवला. "दिसतो तो तुमचा न्हाई, अन् तुमचा दिसत न्हाई. टाकी कशावर देऊ?"

तेव्हा कौसाबाई पुढे झाल्या. "साहेब, त्याच्यावर पापड भाजतो. म्या सोता खाल्लाय."

चेअरमननी थोडा विचार केला. "ठीक. टाकी धुऊन घ्या. पुढच्या महिन्यात येतो, पापड तयार ठेवा."

पुण्याला परतल्यावर महिन्याभराने रत्नाकरचा फोन आला. शेण या खेपेला कौसाबाईंनीच उकळलं, जवळ कुणाला फिरकू दिलं नाही. जाळ दिसला नाही. चेअरमननी पापड खाल्ला, मीठ कमी आहे म्हणाले आणि टाकी ठेवा म्हणाले.

पुण्यात आमच्या घरी गॅस पूर्वीसारखाच निळा पेटतो. बघितला की वाटतं, कुठेतरी काहीतरी चुकलंय.