सहाव्या चमच्यासाठी फुजैरा

अखेर फुजैऱ्याच्या अमेरिकन आजींचा मेसेज आला! "कायमची घरी परत चाललेय. शनिवारी तुमचे पाच चमचे घेऊन या. कसे ठेवलेत ते बघते, मग सहाव्याचं ठरवू."

जुन्या अमेरिकन चांदीचं मला वेड आहे. दोनशे वर्षांपूर्वी तिथले कारागीर चांदीची नाणी वितळवून चमचे घडवायचे. मागे कारागिराचा ठसा, दांड्यावर घराण्याचं अक्षर. आजींनी विकलेले असे पाच मला दुबईच्या जुन्या बाजारात मिळाले. सहावा त्यांनी ठेवून घेतल्याचं दुकानदाराकडून कळलं, त्यांचा नंबर मिळवला आणि वर्षभर मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले होते. अपुरा सेट मला बघवत नाही हो!

मग काय, आदल्या दिवशी पाचही चमचे दंतमंजनानं खसाखसा घासले, अगदी दिवाळीसारखे. लखलखीत!

सकाळी सातला दुबईतल्या आमच्या इंटरनॅशनल सिटीतून निघालो. नवरा मंदार, सहा वर्षांची इरा आणि मी. रस्ता झकास, डोंगर नि बोगदे, दोन तासांच्या आत फुजैरा. वाटेत इथला कडक, दुधाळ करक चहा प्याच. दोन दिरहम, म्हणजे पन्नासेक रुपये.

"ममा, ऑल धिस फॉर वन स्पून?" मागून इरा.

"तुझ्या आईला विचार," मंदार म्हणाला.

आजींच्या घरात खोकीच खोकी. मी ऐटीत रुमाल उलगडला आणि आजींचा चेहराच उतरला. "अक्षरातला काळेपणा कुठे गेला? तो साठायला दोनशे वर्षं लागली होती." त्यांनी दांड्यावरून अंगठा फिरवला. अक्षर पुसट झालं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आमच्याकडे चांदी अशीच घासतात," मी कशीबशी म्हणाले. "पण कपाटात नाही ठेवत हो. रोज वापरतो. माझ्या भाच्याला पहिली खीर यातल्याच एका चमच्यानं भरवली."

"बाळाला? यानं?" आजी उठल्या आणि सहावा घेऊन आल्या. काळपट, कडेला बारीक खाचा. "माझ्या तिन्ही मुलांचे दात. आता त्यांना हा नकोय, डिशवॉशरमध्ये चालत नाही म्हणतात." त्यांनी तो माझ्या हातात दाबला. पैसे घ्यायला साफ नकार. "फक्त घासू नका. वापरा, आपोआप उजळेल. यल्ला, चला, आता मुलीला समुद्र दाखवा!"

येताना खोर फक्कानच्या किनाऱ्यावर तळलेले मासे खाल्ले, इरा पाण्यात मनसोक्त डुंबली. जायचं तर थंडीतच जा, उन्हाळ्यात भाजून निघाल.

व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी बरोब्बर पकडलं. "अगं, एक काळाच राहिला! मंजन संपलं का?"

"नाही आई, मुद्दाम ठेवलाय," मी म्हटलं. हात मात्र अजून शिवशिवतात.

इरा रोज त्याच चमच्यानं दहीभात खाते. काल बघितलं तर तिच्या अंगठ्याखालचा दांडा जरासा उजळलाय. तिचा खातानाचा फोटो आजींना अमेरिकेत पाठवला. लगेच उत्तर आलं, "खलास. आता सेट पुरा झाला."